व्हेंडर फॉर्मवर 'महिला मालकी' अशी खूण केली तर खरंच ऑर्डर मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका ताईंचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग बनवायचं युनिट आहे. दोन मशीन, सहा माणसं, आणि धंदा त्या स्वतः बघतात. एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्मवर 'डायव्हर्स सप्लायर' असा रकाना आहे आणि त्याखाली 'महिला मालकी'चा चौकोन. खूण केली तर ऑर्डर मिळते का, आणि बाई म्हणून मिळालेली ऑर्डर म्हणजे उपकार नाही का, असं त्या विचारतात.

ताई, मी वाघोडिया रोडवरच्या एका ट्रान्सफॉर्मर कंपनीत २२ वर्षं परचेसमध्ये आहे. तो फॉर्म भरून घेणाऱ्या टेबलाच्या पलीकडे मी बसतो, म्हणून उत्तर देतोय.

खूण जरूर करा. तिने ऑर्डर मिळत नाही, एन्क्वायरी मिळते, म्हणजे कंपनी तुम्हाला रेट विचारते. ऑर्डर शेवटी रेट, क्वालिटी आणि डिलिव्हरीवरच निघते. पण एन्क्वायरी मिळणं किती अवघड असतं हे टेबलाच्या अलीकडून दिसत नाही. माझ्यासमोर रोज ३०-४० इंडेंट (खात्यांच्या खरेदीच्या मागण्या) पडलेले असतात. प्रत्येकाला तीन कोटेशन लागतात, आणि ती तीन माणसं माझ्या फोनमध्ये आधीच असतात. वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घेतलेलं असतं, काम अडत नाही. चौथा माणूस घ्यायचा म्हणजे त्याला ड्रॉइंग पाठवा, सॅम्पल मागवा, क्वालिटीवाल्यांना घेऊन युनिट बघून या, व्हेंडर कोड उघडा. कुणाचं वाईट व्हावं असं परचेसवाल्याच्या मनात नसतं. पण वरून कुणी विचारल्याशिवाय तो ही खटपट करत नाही. त्या चौकोनामुळे वरून विचारलं जातं.

हा रकाना आला कुठून, तेही सांगतो. अमेरिकेत १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी सरकारी कार्यालय काढलं. १९७८ च्या कायद्याने मोठी सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना छोट्या आणि वंचित गटांच्या उद्योगांना किती काम देणार याचा आराखडा द्यावा लागू लागला. तिथून ही पद्धत त्यांच्या इतर देशांतल्या कारखान्यांपर्यंत आली. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना जो वार्षिक अहवाल सक्तीचा केला, त्यात छोट्या उद्योगांकडून थेट किती टक्के माल घेतला हे द्यावं लागतं. वंचित गटांच्या पुरवठादारांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे का, हाही प्रश्न त्यात आहे, त्याचं उत्तर मात्र ऐच्छिक. तुमची खूण अशा कुठल्या तरी अहवालात मोजली जाते. जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत सरकारी आदेश उलट्या दिशेने निघाले आणि तिकडच्या काही कंपन्यांनी हा विषयच बाजूला ठेवला. तेव्हा या चौकोनावर धंदा उभा करू नका.

आता उपकाराचं. सयाजीबागेवरून जाताना डॉ. आंबेडकरांच्या स्मरणातल्या संकल्पभूमीची पाटी तुम्हीही पाहिली असेल. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर याच गावात आले, शिक्षण कोलंबियाचं, नोकरी महाराजांची, आणि राहायला खोली मिळेना. लायकी कागदावर धडधडीत दिसत असतानाही दार बंद राहू शकतं, हे बडोद्याच्या माणसाला दुसऱ्या कुणी समजावायला नको. तुमची अडचण त्यांच्या अपमानापुढे काहीच नाही, मला तुलना करायची नाही. पण ज्यांची ओळख नाही त्यांना दारापर्यंत येऊ देणं हा उपकार नव्हे, हे मी मनापासून मानतो. आणि हे मला एका गॅस्केटने शिकवलं.

२०१६ ची गोष्ट. आमच्या हेड ऑफिसमधून महिला पुरवठादार शोधा असं पत्र आलं. मकरपुऱ्यातच एक बाई रबराइज्ड कॉर्कची गॅस्केट कापून द्यायच्या. त्यांना २०० नगांची ट्रायल ऑर्डर दिली, इन्स्पेक्शन कव्हरची. माल वेळेवर आला. वीस-वीसच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी. इन्स्पेक्टरने पहिलंच गॅस्केट फ्लँजवर ठेवलं तर बोल्टची भोकं जुळेनात, ३ मिलिमीटरचा फरक. अख्खा लॉट रिजेक्ट. मीच फाइलवर 'क्वालिटी प्रॉब्लेम' असं लिहिलं, आणि अकाउंट्सने डेबिट नोटही (पैसे कापल्याची चिठ्ठी) काढली.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. आवाज चढवला नाही. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून ड्रॉइंग काढलं, माझ्या टेबलावर पसरलं, त्यावर गॅस्केट ठेवलं आणि स्टीलची पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच मोजा." मी मोजलं. तंतोतंत बरोबर होतं. मग माझं लक्ष ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं. रिव्हिजन ०२, म्हणजे ड्रॉइंगची दुसरी सुधारित आवृत्ती. शॉप फ्लोअरवर रिव्हिजन ०४ चालू होतं. बोल्टमधलं अंतर वर्षापूर्वीच बदललं होतं, आणि आमच्याच माणसाने जुन्या फाइलमधली झेरॉक्स त्यांना दिली होती.

जुन्या तिन्ही पुरवठादारांना हा बदल माहीत होता. कसा, ते मी शोधलं. एकाला डिझाइनमधल्या मुलाने फोन केला होता, दुसऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो गेला होता, तिसरा स्टोअरमध्ये चहा पिताना ऐकून गेला होता. कंपनीच्या कुठल्याच कागदावर 'बदल सगळ्यांना कळवला' अशी नोंद नव्हती, कारण तशी कधी गरजच पडली नव्हती. त्या बाई आमच्या स्टोअरमध्ये चहा पीत नव्हत्या, एवढाच त्यांचा दोष. शीट त्यांनी डीलरला रोख पैसे देऊन आणली होती. डेबिट नोट मागे घ्यायला मला पाच आठवडे लागले, आणि फाइलवरचा तो शेरा मी स्वतःच्या सहीने खोडला.

त्यानंतर पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) रिव्हिजन नंबर छापायला लागलो. नवं रिव्हिजन निघालं की यादीतल्या प्रत्येकाला एकाच दिवशी ईमेल जातो. त्या बाई आजही आम्हाला माल देतात, आणि रिजेक्शन जुन्या तिघांपेक्षा जास्त नाही. म्हणून कुणी 'महिला सप्लायर घ्यायला तयार आहोत, पण क्वालिटी मिळत नाही' म्हटलं की मी आधी विचारतो, त्यांना ड्रॉइंग कुठलं दिलं होतं?

दुसरा अडसर फॉर्ममध्येच असतो. आमच्या जुन्या फॉर्मवर तीन वर्षांचा सरासरी टर्नओव्हर किमान ५ कोटी अशी अट होती. गॅस्केटची आमची वर्षाची खरेदी ६ लाखांची! ही अट का आहे, हे कुणालाच सांगता येईना. बहुधा कास्टिंगच्या फॉर्मवरून उचलली होती. तुमच्या फॉर्मवर अशी अट दिसली तर खरा आकडा लिहा आणि परचेसला एक ईमेल करा, की या आयटमची तुमची वार्षिक खरेदी किती आणि त्या मानाने अट शिथिल होईल का. लेखी प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं, आणि कधी कधी अटही जाते.

सगळ्यात जास्त जपायचं ते क्रेडिटला, म्हणजे उधारीच्या मुदतीला. समजा महिन्याला ४ लाखांचा माल दिलात आणि क्रेडिट ९० दिवसांचं आहे, तर १२ लाख कायम अडकलेले. धातूचा बार (कच्चा माल) रोखीने घ्यायचा, पगार ७ तारखेला, जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, मग बिलाचे पैसे येवोत न येवोत. दोन मशीनचं युनिट चांगली ऑर्डर मिळूनही इथेच मोडतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो. मार्च जवळ आला की आमच्या अकाउंट्सला हे बरोबर आठवतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट असते, ती पहिल्या ऑर्डरच्या आधीच करून ठेवा, बिलावर नंबर छापा, आणि चलानवर माल पोचल्याची तारीख व शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. 'उद्यम नंबर बिलावर टाकू नका, मग ऑर्डर देतो' असं एखादी कंपनी म्हणाली, तर फॉर्मवरच्या त्या चौकोनाला तिच्या लेखी काही किंमत नाही असं समजा.

फक्त खासगी कंपनीकडेच बघू नका. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या, म्हणजे आपल्या कोयलीची रिफायनरीसुद्धा, २०१२ च्या खरेदी धोरणाखाली येतात. त्यांना वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, त्यात ३ टक्के महिलांच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. टेंडर फी आणि ईएमडी (टेंडरसोबतची अनामत रक्कम) माफ. सर्वांत कमी रेट मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या रेटला उतरून निदान चौथा हिस्सा माल देण्याची संधी मिळते. हे नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना नाही. तुम्ही माल बनवता, तुम्हाला आहे.

मालकीबद्दल एक सांगायलाच हवं. प्रोप्रायटरी असेल तर प्रोप्रायटर बाई, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ५१ टक्के हिस्सा बायकांचा, असा सरकारी नियम. वीकनेक्ट इंटरनॅशनलसारख्या संस्था सर्टिफिकेट देताना मालकीसोबत कारभार आणि निर्णयही बाईच्या हातात आहेत का, हे तपासतात. मी स्वतः एका युनिटला गेलो होतो, तिथे वरच्या मजल्यावरून मालकीणबाईंना खाली बोलावलं गेलं. कुठलं मशीन काय करतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, फक्त सह्या घेतल्या होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं. ते युनिट आम्ही महिलांच्या यादीत धरलं नाही. अशा प्रत्येक खोट्या नावामागे तुमच्यासारख्या एकीची जागा जाते.

तेव्हा व्हिजिटला क्वालिटीवाले येतील त्या दिवशी तुम्ही स्वतः शॉप फ्लोअरवर उभ्या राहा. सायकल टाइम, टूलचा खर्च, महिन्याची कपॅसिटी तुम्ही सांगा. मायक्रोमीटर, व्हर्नियरची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं टेबलावर काढून ठेवा. छोट्या युनिटमध्ये आम्ही सगळ्यात आधी तीच मागतो. आणि ट्रायल ऑर्डरचं ड्रॉइंग हातात आलं की खालच्या उजव्या कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघा, हेच चालू रिव्हिजन आहे का ते ईमेलवर विचारा, आणि उत्तर आल्यावरच बार कापायला घ्या.