कंपनीने काढून टाकलं, दोन महिन्यांचा पगार थकलाय. एचआर म्हणते लॅपटॉप द्या नाहीतर पोलिसात जाऊ. पगार मिळेपर्यंत अडवून ठेवला तर चालेल का?

नाही चालणार. थकलेला पगार ही तुमची भक्कम बाजू आहे. लॅपटॉप अडवलात की तीच लंगडी पडते.

येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू धरून ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायद्यात मोजक्या लोकांनाच आहे. कलम १७१ मध्ये बँका, अडते, हायकोर्टाचे वकील असे ठरावीक व्यवसाय येतात, आणि कलम १७० मध्ये ज्याने त्या वस्तूवरच मेहनत केली तो. लॅपटॉप दुरुस्त करणारा मजुरीसाठी तो ठेवून घेऊ शकतो, त्यावर बसून नोकरी करणारा नाही. उलट कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५२ खाली कंपनीची मालमत्ता बेकायदा अडवल्यास १ ते ५ लाख रुपये दंड आहे, आणि कोर्टाने दिलेल्या मुदतीतही परत केली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. नोकरी सुटलेल्यांनाही हे लागू आहे. पोलीस अशी तक्रार बऱ्याचदा दिवाणी बाब म्हणून टाळतात, पण ‘आधी पगार, मग लॅपटॉप’ असा तुमचा व्हॉट्सॲप मेसेज त्यांच्या हाती असला तर विश्वासघाताच्या कलमाला (भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस, कलम ३१६) पुरावा तुम्हीच दिलेला असतो.

म्हणून आजच वैयक्तिक ईमेलवरून एचआरला लिहा: लॅपटॉप द्यायला तयार आहे, ताबा कोण, कुठे, कधी घेणार ते कळवा. लॅपटॉपचा सिरियल नंबर (तळाच्या स्टिकरवर असतो), चार्जर, ॲक्सेस कार्ड, सिम, जे असेल ते सगळं नावानिशी लिहा. शहराबाहेर असाल तर पिकअप त्यांच्या खर्चाने मागा.

देण्याआधी काहीही फॉरमॅट करू नका. रागाच्या भरात डेटा उडवणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं, कंपनीच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेणंही तसंच. ब्राउझरमधलं स्वतःचं गूगल खातं आणि व्हॉट्सॲप वेब मात्र लॉगआउट करा. मशीन लॉक केलं असेल तर खासगी फाइली मिळाव्यात म्हणून मेलवर मागणी करा. मॅकबुक असेल आणि त्यात तुमचा ॲपल आयडी राहिला तर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे तो कंपनीला वापरता येत नाही. मग ‘खराब करून दिला’ म्हणून कपात! स्क्रीन चालू ठेवून कोपरे, बिजागऱ्या आणि सिरियल नंबर दिसेल असा एक सलग व्हिडिओ काढा.

हाती देताना पोच घ्या: सिरियल नंबर, तारीख, ‘चालू स्थितीत मिळाला’, घेणाऱ्याचं नाव, सही, शिक्का. गेटवरच्या वॉचमनकडे ठेवून निघू नका. आणि ‘नो ड्यूज’ फॉर्म नीट वाचा, लोक इथेच फसतात. त्यात बहुतेक वेळा ‘माझं कंपनीकडे कोणतंही येणं बाकी नाही’ ही ओळ घुसवलेली असते. ती खोडा, शेजारी सही करा आणि ‘फक्त वस्तू परत केल्या, पगार बाकी’ असं लिहा. तसं करू देत नसतील तर त्यावर सही न करता नुसती पोच घ्या.

आता पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू आहे. तिच्या कलम १७ नुसार काढून टाकलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘४५ दिवसांत फुल अँड फायनल’ (नोकरी सुटल्यावरचा शेवटचा हिशेब) हा कंपनीचा रिवाज, कायदा नव्हे. मॅनेजरसुद्धा यात येतात. मेलवर मागणी करा, नंतर स्पीड पोस्टने नोटीस, तरीही दाद नाही लागली तर कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करून संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे दावा. मुदत तीन वर्षं आहे आणि बाकीच्या दसपटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. ऑफर लेटर, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि काढल्याचा मेल जवळ ठेवा.

लॅपटॉपचं नुकसान दाखवून पगार कापला तर? ते नुकसान तुमच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं, कापण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही. तीन वर्षं वापरलेल्या मशीनसाठी नव्याचे ७०,००० मागत असतील तर त्यांच्याच हिशेबवह्यांमधली किंमत विचारा. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ मध्ये लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलंय आणि शेवटी उरणारी किंमत साधारण ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे फार तर ३,५०० रुपये. हा आकडा मेलवर लिहिला की बोलणी बरीच खाली उतरतात.

पीएफला तर कंपनीला हात लावताच येत नाही. यूएएनला (पीएफच्या कायम खाते क्रमांकाला) आधार जोडलेलं असेल तर दावा तुम्ही स्वतः ऑनलाइन करू शकता, कंपनीची सही लागत नाही. ग्रॅच्युइटी लागू होत असेल तर ती नुकसानाच्या रकमेपुरती रोखता येते, पण ज्या कृत्याने वा हलगर्जीने नुकसान झालं त्याच कारणावरून नोकरी गेली असेल तरच.