वाचक विचारतात : एटीसीत जायचंय, पण इंग्रजी कच्चं आहे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोरेगावची, साताऱ्यात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला एअर ट्रॅफिक कंट्रोलर (एटीसी), म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारी, व्हायचंय. पण शाळा मराठी मीडियमची, घरचे म्हणतात तिथं फाडफाड इंग्रजी लागतं. एक क्लासवाले नोकरी पक्की म्हणून दीड लाख मागतायत, भरू का? आणि रडारवर सगळं दिसतं तर पायलटशी एवढं बोलावं का लागतं?

उत्तर : बाळा, आधी ते पैसे भरायचं थांबव. विमानतळांवरचे कंट्रोलर भारतीय विमानतळ प्राधिकरण स्वतः परीक्षा घेऊन भरतं, ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून, आणि ट्रेनिंग निवड झाल्यावर तेच देतात, प्रयागराज, हैदराबाद नाहीतर आपल्या गोंदियाला. बाहेरचा कोर्स केला म्हणून कुणी टॉवरमध्ये बसवत नाही. परीक्षेच्या तयारीला क्लास लावायचा तर लाव, पण नोकरी पक्की म्हणणारा खोटं बोलतोय.

आता रडारचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं हवेत आदळली. सौदीचं जंबो दिल्लीहून उडून वर चाललेलं, त्याला १४ हजार फुटांची परवानगी, कझाकस्तानचं विमान उतरायला येत होतं, त्याला १५ हजार. मध्ये हजार फूट म्हणजे नियमात बरोबर, आणि समोरून विमान येतंय हेही कंट्रोलरने सांगितलेलं. तरी कझाक विमान १५ हजाराच्या खाली आलं आणि ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमान कुठंय ते दिसायचं, उंची दिसायची नाही, पायलट सांगेल तीच खरी धरायची. आता उंची दिसते, टक्कर टाळायला विमानात टीकॅस सक्तीचं झालंय, पण बोलणं सुटलेलं नाही, कारण पायलटने काय ऐकलंय आणि तो पुढं काय करणारे ते स्क्रीनवर कुठं दिसतं?

म्हणून रीडबॅक. कंट्रोलर म्हणाला डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन टू झीरो, म्हणजे साधारण १२ हजार फुटांवर उतर, की पायलटने तेच परत म्हणायचं आणि कंट्रोलरने ते नीट ऐकायचं. तो वन वन झीरो म्हणाला तर लगेच निगेटिव्ह म्हणून पुन्हा सांगायचं. वाचायला सोपं वाटतं, पण आपण जे सांगितलं तेच ऐकू आलं असं कानाला वाटतं, त्यात दुसरं विमान मध्येच बोलायला लागतं, शेजारच्या सेक्टरचा, म्हणजे आकाशाचा शेजारचा भाग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा, फोन वाजतो, आणि एवढ्यात एक आकडा निसटला तर निसटला. मला तरी या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम हे ऐकण्याचंच वाटतं.

त्यामुळे फाडफाड इंग्रजीची भीती सोड. आंतरराष्ट्रीय मापात ६ लेव्हल आहेत, त्यातली किमान चौथी लागते. उच्चार मराठी वळणाचा असला तरी चालतो, समोरच्याला कळला पाहिजे. बरीचशी वाक्यं ठरलेली असतात, आकडेसुद्धा ठरलेल्या पद्धतीनं, थ्रीला ट्री, फाइव्हला फाइफ, नाइनला नाइनर, खरखरीतसुद्धा गोंधळ होऊ नये म्हणून. पण इमर्जन्सीत पाठ केलेलं पुरत नाही, साधं इंग्रजी सुचावं लागतं, म्हणून रोज थोडं मोठ्यानं बोलायची सवय कर.

कामं वाटलेली असतात. जमिनीवरची विमानं ग्राउंड बघतो, धावपट्टी टॉवर, विमानतळाभोवतीची चढउतार अप्रोच, आणि तुमच्या कोरेगाववरून खूप उंचावरून जाणारी विमानं मुंबईच्या एरिया कंट्रोलशी बोलत असतात. पूर्वेकडं जाणाऱ्यांना विषम हजारांची उंची, पश्चिमेकडं जाणाऱ्यांना सम, ३३ हजार, ३४ हजार अशी. ट्रेनिंगमध्ये हे सिम्युलेटरवर घोटून घेतात, मग पोस्टिंगच्या ठिकाणी खऱ्या विमानांवर, शेजारी अनुभवी कंट्रोलर बसलेला, गरज पडली की तो स्वतः बोलतो. रेटिंग, म्हणजे ते काम एकट्यानं करायची परवानगी, प्रत्येक कामाचं वेगळं आणि त्याच विमानतळापुरतं, बदली झाली की नव्या जागेचं परत मिळवायचं.

वयाची अट खुल्या गटाला २७ वर्षं, राखीव गटांना सवलत. परीक्षेनंतर व्हॉइस टेस्ट, मानसिक चाचणी, मेडिकल असतं. आणि एक महत्त्वाचं, तू नुसतं फिजिक्स लिहिलंयस, पण बीएस्सीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात. मार्कशीट काढून आजच बघ, शंका असली तर कॉलेजच्या ऑफिसात विचार, ते जमत असेल तरच पुढची तयारी.