कोण म्हणतं, ते लिही

प्रिय संपादिके,

तुझी मेल रात्री पावणेबाराला आली आणि झोपाळू डोळ्यांनी मी ती दोनदा वाचली. इंग्रजी विकिपीडियावरच्या तुमच्या समाजाच्या लेखातून तू दोन वाक्यं काढलीस. एक, 'हे मूळचे सूर्यवंशी रजपूत'. दुसरं, 'ही चोऱ्यांवर उपजीविका करणारी जात'. दुसरं वाक्य एका सदस्याने परत आणलं, तू काढलंस, त्याने आणलं, असं तीनदा झालं. चौथ्यांदा तू हात आवरलास ते बरं केलंस. चोवीस तासांत चौथ्यांदा उलटवलं असतंस तर बंदी तुझ्यावर आली असती आणि तो साळसूदपणे बाजूला उभा राहिला असता. पहिल्या वाक्यासाठी मात्र घरचेच उठले. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला, 'आपलीच पोरगी आपला इतिहास पुसते', आणि त्याला सख्ख्या काकांनी अंगठा दिला. तो सदस्य तुला जातीची प्रचारक म्हणतो, काका घरभेदी म्हणतात. तू विचारतेस, माझं चुकलं कुठे?

तू दोन्ही वाक्यं पुसलीस, इथे चुकलं. दोन्हींपुढे एकच प्रश्न विचारायला हवा होता: कोण म्हणतं? त्याचं उत्तर वाक्यात लिहायचं, म्हणजे निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं मिटत नाही, त्याकडे नंतर येतो.

जातींचे लेख बदलायला खातं तीस दिवसांचं आणि पाचशे संपादनांचं असावं लागतं. ते कुंपण ओलांडून तू त्या लेखापर्यंत पोहोचलीस, म्हणजे तटस्थ दृष्टिकोन, पडताळणी, मूळ संशोधन नको, हे विकिपीडियाचे सगळे नियम तुला पाठ असणार. ते मी पुन्हा शिकवत बसत नाही. मला सांगायचंय ते त्या नियमांच्या पानांवर आहेच, पण मला ते तिथून कळलं नाही. एका पोराला पळवून लावल्यावर कळलं.

तेव्हा मी नवा नव्हतो, आणि काढलेलं परत आणायची त्या सदस्याची खोड मलाही होती. पहाऱ्याच्या सूचीत, म्हणजे ज्यांतला प्रत्येक बदल मला दिसायचा त्या यादीत, जातींचे तीस-चाळीस लेख. सकाळी चहा व्हायच्या आधी मी बघायचो, रात्रीत कोणी कोणाला क्षत्रिय केलं आणि कोणी कोणाच्या आईबहिणीवर गेलं. एका लेखात मी स्वतः एक वाक्य घातलं होतं, अमुक जात अमुक हलकं काम करते आणि त्यात फसवणूक करते, अशा अर्थाचं. संदर्भ होता. जुना इंग्रजी ग्रंथ, लेखक आयसीएस म्हणजे ब्रिटिश सनदी अधिकारी, पान क्रमांकासह. त्या जातीतला एक मुलगा ते वाक्य काढायचा आणि मी परत आणायचो. दोन वर्षांत अकरा वेळा. त्याला नियम येत नव्हते, त्याचं इंग्रजी मोडकं होतं, बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत तो 'हे खोटे आहे' एवढंच लिहायचा. मी लिहायचो, 'संदर्भ आहे'. शेवटी लेखाच्या चर्चापानावर त्याने मराठीत लिहिलं, 'काका, एकदा आमच्या वस्तीवर या.' मी उत्तर म्हणून नियमाच्या पानाची लिंक दिली.

तो परत आला नाही.

पुढे सहाएक वर्षांनी तो ग्रंथ पूर्ण स्कॅन होऊन मिळाला. तोवर मी तो गूगल बुक्सच्या चार ओळींच्या खिडकीतून पाहिला होता. माझं वाक्य ज्या पानावर होतं त्याची सुरुवात आधीच्या पानाच्या तळाशी होती, आणि ती अशी की शेजारच्या जातींचे लोक यांच्याविषयी असं सांगतात. म्हणजे त्या साहेबानेही आरोप स्वतःच्या अंगावर घेतला नव्हता. 'लोक सांगतात' हे शब्द खिडकीच्या चौकटीबाहेर राहिले, आणि ऐकीव गोष्ट मी ज्ञानकोशाच्या आवाजात छापून दोन वर्षं तिची राखण केली. मग वाक्य दुरुस्त केलं. त्याच्या सदस्य चर्चापानावर दोन ओळी लिहिल्या. त्या अजून तिथेच आहेत, खाली उत्तर नाही.

तेव्हा मी कोणत्या नियमाविरुद्ध वागलो, असं कोणी विचारलं तर मला सापडत नाही. माणसं कमी होती, धुडगूस रोजचा होता, आणि 'हे खोटे आहे' एवढ्यावर वाक्यं काढू लागलो असतो तर आठवड्याभरात एकही लेख उरला नसता. हे मी आजही म्हणेन. तरीही ते वाक्य कोण म्हणतं, एवढं एकदा पान उलटून बघायला मला कोणी अडवलं होतं?

तुझं दुसरं वाक्य घे. 'चोऱ्यांवर उपजीविका करणारी जात' असं कोण म्हणतं? सरकार म्हणतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला, १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला, आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवून नोंदल्या गेल्या. हजेऱ्या, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. तुझ्या आजीने सोलापूरच्या सेटलमेंटात, तसल्याच वसाहतीत, हजेरी दिल्याचं तू लिहिलं आहेस, तेव्हा तुला मी काय सांगू. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. आता तेच वाक्य असं लिही: 'ब्रिटिश सरकारने या समाजाची गुन्हेगार जमात म्हणून नोंद केली होती, स्वातंत्र्यानंतर ही नोंद रद्द झाली.' तथ्य एकही सुटलेलं नाही, फक्त चोरीचा शिक्का कोणी मारला ते दिसू लागलं. तू वाक्य पुसतेस तेव्हा शिक्का मारणाऱ्याचा हातही पुसला जातो. आजीच्या हजेरीचं कारणच लेखात उरत नाही.

आता काकांचं वाक्य. 'सूर्यवंशी रजपूत' कोण म्हणतं? 'आम्ही म्हणतो.' मग तसं लिही. यात तुच्छतेचं काही नाही, आणि काकांनाही ते समजावून सांगता येईल. १९०१ च्या शिरगणतीत तिचे आयुक्त रिस्लेसाहेबांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायचं काढलं आणि देशभर जातीजातींच्या सभांनी अर्जांचा पाऊस पाडला: आमचं नाव बदला, आम्हाला वरच्या वर्णात घाला. १९११ साली एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं होतं, असं तिथल्या शिरगणती अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलंय. दीड मण म्हणजे पन्नास किलोच्या वर कागद! आपली चर्चापानं वाचताना मला तो गठ्ठा आठवतो.

आमच्यासारखे संपादक या दाव्यांना हसतात. मीही हसायचो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला लिहिलेल्या अर्जात अस्पृश्य मूळचे क्षत्रिय असल्याचं मांडलं होतं. इतिहास म्हणून ते टिकतं का, हा एक प्रश्न. पण भाकरी तोडली गेल्यावर एका निवृत्त सैनिकाला सरकारदरबारी हाच युक्तिवाद का करावा लागला, हा त्याहून मोठा इतिहास आहे आणि तो पक्का आहे. पुढे १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमाची अगदी वेगळी उपपत्ती मांडली, पराभूत टोळ्यांतून फुटलेल्या माणसांची. तीही बाबासाहेबांची म्हणूनच लिहायची. हे लिहिताना माझा हात अडखळतो, तुझाही अडखळेल. आदर वाटतो त्या माणसाचं वाक्य ज्ञानकोशाचं करून टाकावंसं वाटतं. करायचं नाही. नियम काकांना लागू, रिस्लेला लागू, मग सगळ्यांनाच लागू.

(इतिहासकार राजवाड्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी लिहिलं आणि १९१८ साली प्रबोधनकार ठाकऱ्यांनी पुस्तकच लिहून त्यांना उत्तर दिलं. जुन्या कागदांचा आधार आहे असं दोघेही म्हणत होते. तेव्हा 'संदर्भ आहे' एवढ्याने वाद संपतो, असं मानणाऱ्याने मराठीतली जुनी भांडणं वाचलेली नाहीत.)

उरलेल्या निम्म्या भांडणाकडे येतो. तू मेलच्या शेवटी लिहिलंस, 'पण आमच्याबद्दल छापलेलंच सगळं पोलिसांनी लिहिलेलं आहे.' हे वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरलो. आमच्याकडे चार माणसं जमली की कुलवृत्तान्त छापतात. माझ्या पणजोबांचं गोत्र, वतन, विहीर, सगळं पुठ्ठा बांधणीत आहे. आमच्या जातीच्या लेखाला संदर्भ कमी पडत नाहीत, कारण लिहिणारे आम्ही, छापणारे आम्ही आणि आता तपासणारेही बरेचसे आम्हीच. तुमचे कागद पोलीस ठाण्यात. 'पडताळता येईल तेच लिहा' हा नियम सगळ्यांना सारखा, पण कपाटं सारखी नाहीत. ते मी तुला एका पत्राने भरून देऊ शकत नाही. आजीची आठवण लेखात घालता येणार नाही, तेही मला खटकतं, पण मी त्या नियमाच्या बाजूनेच उभा राहीन. उद्या शेजारच्या गल्लीतला कोणी आपल्या आजीची आठवण म्हणून तुमच्याविषयी काहीही घालेल. ते तुला चालेल का?

कोणाचं म्हणणं ते लिहिलं की शिवी धुतली जाते, असंही समजू नकोस. शिवी कुठे बसवली आहे तेही बघ. तो सदस्य ते वाक्य लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आणतोय. चार हजार शब्दांचा लेख असेल तर वसाहतकाळातली नोंद वसाहतकाळाच्या विभागात जाते, माथ्यावर नाही. हा मुद्दा चर्चापानावर मांड, तो टिकेल. शिवाय ब्रिटिश काळातले जातिकोश आधार म्हणून कच्चे आहेत, हे इंग्रजी विकिपीडियावर बरेच जुने संपादक आता मानतात. त्यांना हाक घाल. अलीकडचे अभ्यासक शोध. मीना राधाकृष्ण यांचं गुन्हेगार जमातींवरचं काम मिळवून वाच, पण ते मुख्यतः मद्रास इलाख्याचं आहे. तिथलं वाक्य सोलापूरला चिकटवलंस तर तुझ्यात आणि माझ्या चार ओळींच्या खिडकीत फरक काय?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून सांभाळ. मी एकदा एका समाजाच्या उगमाची कथा पुरवणीचा संदर्भ देऊन घातली. नंतर लक्षात आलं, पुरवणीवाल्याने ती आमच्याच लेखाच्या जुन्या आवृत्तीतून उचलली होती, जवळजवळ शब्दशः. कोण म्हणतं? आम्हीच म्हणतो, एक वळसा घालून.

आणि खऱ्या नावाने लिहिणं आधी बंद कर. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये. सदस्यनाव बदलून मिळतं, आजच अर्ज कर. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने, म्हणजे पोलिसांच्या सायबर विभागाने, काही संपादकांवर गुन्हा नोंदवला, हे तू वाचलं असशील. घरातली बोलणी वेगळी, आणि आपण फुकट, रात्री जागून करतो त्या कामासाठी ठाण्याच्या बाकावर बसणं वेगळं. तुझ्या घराने ते बाक पुरेसं पाहिलंय.

काकांशी भांडू नकोस. त्यांना विचार, रजपूत असल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांच्या वडिलांनी सांगितलं असेल, वडिलांना जातीच्या सभेत कोणी सांगितलं असेल. त्या सभेची एखादी छापील पत्रिका, ठराव, वर्गणीची पावती कोणाच्या तरी ट्रंकेत निघते. मी निघालेली पाहिली आहे. ट्रंकेतला कागद लगेच लेखात जात नाही, हे तुला माहीत आहे. पण अभ्यास करणाऱ्या कोणाच्या हाती तो पडला तर पुढच्या संपादिकेला छापील आधार मिळेल.

सोडून जाऊ का, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मी अकरा वेळा उलटवून एकाला घालवलाय, तेव्हा 'थांब' म्हणायचा अधिकार माझा किती, हे मलाच ठाऊक नाही. थांबलीस तर मला आनंद होईल, एवढं लिहितो.

तो सदस्य ज्या ग्रंथाचा आधार देतोय, तो तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असण्याची शक्यता आहे. जाऊन काढ. त्या पानाचा फोटो मला पाठव. आधीच्या पानाचाही, आणि पानाच्या तळाची टीप कापू नकोस.

तुझा,
जुना उलटवणारा