वाचक विचारतात: डाउनलोड 100 टक्के, मग झिप खराब कशी?

प्रश्न: सर, हॉस्टेलच्या वायफायवरून 3 जीबीची झिप डाउनलोड केली, पूर्ण झाली, पेनड्राइव्हवर टाकून मित्राच्या लॅपटॉपवर उघडली तर ‘सीआरसी फेल्ड’. मॅडम तर म्हणतात चुकलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) टीसीपी, म्हणजे नेटवर डेटा पोचवायची पद्धत, टाकून देतं आणि ते परत येतं. मग चूक शिरली कुठून?

उत्तर: मॅडम बरोबरच सांगतायत, पण टीसीपीचा चेकसम (चूक पकडायला डेटासोबत पाठवलेला आकडा) जरा भोळा आहे रे, तो 16-16 बिटांचे आकडे करून नुसती बेरीज मारतो. किराणाच्या बिलात रवा 45, पोहे 60 च्या जागी रवा 60, पोहे 45 लिहिलं तरी टोटल 105च, कुणाला पत्ता लागणार?

तुझ्या मेसेजमधला सीआरसी हीसुद्धा चूक पकडायचीच पद्धत, पण तो भागाकार करतो आणि बाकी सोबत पाठवतो. 4560 ला 7 ने भाग, बाकी 3. 6045 ला भाग, बाकी 4. सापडली अदलाबदल! (खरा भागाकार बायनरीत, हातचा वगैरे भानगड नाही, म्हणून हार्डवेअरमध्ये झटपट होतो. पीटरसनने 1961 मध्ये मांडलेली आयडिया, अजून चालतेय.) इथरनेट, वायफाय आणि तुझी झिप, तिघांचाही सीआरसी 32 बिटांचा, सलग 32 बिटांपर्यंतचा पट्टा बिघडला तर हमखास कळतं.

गोची अशी की नेटवर्कमधला सीआरसी एकाच टप्प्यापुरता असतो. राउटर जुना काढतो आणि पुढच्या वायरसाठी नवा लावतो, आता मधल्या वेळात त्याच्या मेमरीतच एखादा बिट पलटला तर चुकलेल्या डेटावर कोरा करकरीत सीआरसी बसतो आणि पुढे सगळे ओके म्हणत सोडतात. मग उरतो तो बेरीजवाला.

पण लिंक एचटीटीपीएस होती ना? मग टीएलएसची (एचटीटीपीएसमधल्या सुरक्षेच्या थराची) तपासणी थेट सर्व्हर ते तुझा ब्राउझर अशी असते, वाटेतली चूक तिच्यातून सुटणं जवळपास अशक्य. म्हणून माझा संशय वायफायवर नाही, पेनड्राइव्हवर आहे, इजेक्ट न करता उपसलास ना?

विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ कमांडने आधी लॅपटॉपवरच्या फाइलचा एसएचए-256 (फाइलच्या बोटाचा ठसाच म्हण) काढ, मग पेनड्राइव्हवरच्या कॉपीचा. दोन्ही वेगळे आले तर पेनड्राइव्ह बदल. सारखेच आले तर साइटवर दिलेल्या एसएचएशी ताडून बघ, तिथेही जुळला तर अपलोड करणाऱ्याकडेच फाइल खराब आहे.