आधी त्याच्या एकराचा हिशेब

पोरी,

तुझं पत्र वाचून आधी चीड आली, मग काळजी वाटली. बी.एस्सी. ॲग्री करून तू लातूरकडच्या गावात कृषी सेवा केंद्र टाकलंस, दुसरा खरीप तोंडावर आलाय, आणि विचारतेस काय, तर ‘शेतकऱ्याचं भलं बघू की दुकान चालवू?’ समोरचा दुकानदार मागेल त्याला मागेल ते देतो म्हणून त्याच्याकडे गर्दी. तू चार प्रश्न विचारतेस म्हणून गिऱ्हाईक उठून जातं. गेल्या वर्षीची उधारी अडकलेली, आणि कंपनीचा माणूस वर बसून सांगतोय की प्लेसमेंट घ्या, म्हणजे हंगामाआधीच माल दुकानात भरून ठेवा, टार्गेट झालं की फॉरेन टूर.

हे दोन वेगळे रस्ते आहेत असं तुला कोणी सांगितलं? रोखीने साबण विकणाऱ्याला हा प्रश्न पडला तर मी समजू शकतो. तुझा माल जूनमध्ये जातो आणि पैसे सोयाबीन विकल्यावर येतात. म्हणजे शेतकऱ्याच्या पिकात तुझं भांडवल पेरलेलं असतं. त्याच्या एकराचा हिशेब जुळला तरच तुझा जुळेल. हे भल्याबुऱ्याचं प्रवचन नाही, वहीतला हिशेब आहे. मांडून बघ.

समज, एकाला २० हजारांचा माल उधार दिला आणि त्यात तुला १० टक्के सुटले. म्हणजे कमाई २ हजार, आणि तुझ्या खिशातून गेलेले १८ हजार. ते सहा महिने अडकले. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तरी १,०८० रुपये व्याजातच गेले, हातात उरले ९२०. आता अशा गिऱ्हाइकांतला एक जण बुडाला, तर ते १८ हजार भरून काढायला नऊ जणांची कमाई लागते, आणि ती व्याज न धरता. समोरच्याच्या दुकानातली गर्दी बघून तुला वाईट वाटतं ना? त्याची उधारीची वही बघायला मिळाली तर बघ, मग बोल.

आता बियाण्यापासून सुरू करू, कारण तिथेच तू घाबरलेली दिसतेस. शेतकऱ्याने घरचं सोयाबीन पेरलं तर तुझी बॅग कोण घेणार, हीच भीती ना? अगं, सोयाबीन स्वपरागीभवन होणारं पीक आहे, म्हणजे फुलाचं फलन त्याच्याच परागाने होतं आणि वाण सहसा बदलत नाही. चांगल्या वाणाचं बियाणं एकदा आणलं की दोन-तीन वर्षं घरचं चालतं. हे तू कॉलेजात शिकलीस, परीक्षेत लिहिलंस आणि गल्ल्यावर बसल्यावर विसरलीस. त्याचे बियाण्याचे पैसे वाचू दे. त्यातले काही बीजप्रक्रियेला, म्हणजे पेरणीआधी बियाला औषध चोळायला, आणि खताला तुझ्याकडेच येतील, आणि उरलेले त्याच्या एकरात राहतील.

पण घरचं म्हणजे डोळे झाकून नव्हे. उगवण चाचणी तुझ्या दुकानात, सगळ्यांसमोर कर. प्रत्येक पोत्यातून थोडं थोडं बी काढून एकत्र मिसळायचं आणि त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे. चांगले टपोरे वेचून घेतलेस तर चाचणी खोटी, आणि शेतकरी नेमकं तेच करतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत, बोटभर अंतराने दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, पण निथळू द्यायचं, नाहीतर दाणे कुजतात आणि बी वाईट असल्याचा ठपका उगाच बसतो. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी मूळ आणि कोंब असलेलेच मोजायचे. नुसतं फुगलेलं, वाकडं, बुरशी आलेलं धरायचं नाही. अशा तीन गुंडाळ्या कर आणि सरासरी घे.

७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो. ६५ आले तर ३२ किलोच्या थोडं वर. ६० आले तर ३५ किलो. त्याखाली आलं तर ते बी पेरायचं नाही, अडतीवर विकायचं, आणि मग खुशाल तुझी बॅग विक. त्या दिवशी तो भाव करत नाही, कारण आकडा त्याने स्वतः मोजलेला असतो. एक मात्र सांभाळ: शेतकऱ्याने शेतकऱ्याला घरचं बी दिलं तर देऊ दे, पण मोकळं, लेबल नसलेलं बियाणं तुझ्या गल्ल्यावर नको. परवाना जाईल.

सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. टेम्पोतून हमाल बॅगा धाडकन खाली टाकतात तेव्हाच उगवण घसरते, आणि मग दोष कंपनीला. माल उतरताना तू स्वतः उभी राहा. थप्पी चार-पाच बॅगांच्या वर नको, खाली लाकडी फळ्या हव्यात. विकलेल्या प्रत्येक बॅगेचा लॉट नंबर बिलावर लिही आणि शेतकऱ्याला बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवायला सांग. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार या पुराव्यावरच चालते. तो अर्ज लिहायला तू मदत कर. हो, तुझ्याच दुकानातून गेलेल्या बियाण्याच्या विरोधात! कंपनीला राग येईल. येऊ दे. कंपनीचा माणूस दोन वर्षांत बदलून जातो, शेतकरी तिथेच राहतो.

पहिल्या पावसाला दुकानासमोर रांग लागते. तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असं सांगणारा दुकानदार वेडा ठरतो. मला ठरवलंय, हरकत नाही. घाईने पेरलं आणि पाऊस लांबला की उगवलेलं जळतं, पुन्हा पेरावं लागतं. या दुबार पेरणीत विक्री दुप्पट होते आणि वसुली कोसळते, कारण त्या एकराचा खर्च दोनदा झाला आणि पीक उशिराचं, एकदाच. पेरणी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको, हेही बिल करतानाच सांग. बीजप्रक्रियेचा क्रम सांग: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे नत्र धरून देणारं जिवाणू खत, दहा किलोला २५० ग्रॅम, आणि सावलीत सुकवून लगेच पेरणी. क्रम उलटला की जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे मातीत.

खताचं थोडक्यात सांगतो. शिफारस एकरी साधारण १२ किलो नत्र, २४ स्फुरद, १२ पालाश. शेतकरी डीएपी मागतो. एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं, पण गंधक नाही, पालाश नाही. तेलबियांना गंधक लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या दिल्यास तर २४ किलो स्फुरदासोबत सोळा किलोच्या आसपास गंधक जातं. वर २६ किलो युरिया, २० किलो पोटॅश, झालं. महिन्याने पुन्हा युरिया मागायला आला तर देऊ नकोस. मुळांवरच्या गाठी सुस्तावतात, झाड नुसतं माजतं. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांची, तिच्यात तुला सुटतं तरी काय? आणि त्या गोणीबरोबर कंपनी लिंकिंगचा, म्हणजे न मागितलेला जोडीचा माल गळ्यात मारते, हे मला माहीत आहे. सरकारची मनाई असूनही मारते. तो माल शेतकऱ्याच्या गळ्यात ढकललास की तुझी वही तिथेच फाटली. नकार लेखी दे, कृषी खात्याला कळव, चार दुकानदार एकत्र येऊन कळवा. समोरच्यालाही सोबत घे, तोही त्याच जात्यात आहे.

आता फवारणी. इथे बहुतेक दुकानदार बुडवतात आणि त्यांना कळतही नाही. शेतकरी पान घेऊन येतो, तू बाटली देतेस. पान बघू नकोस, अख्खं झाड उपटून आणायला सांग. खोडावर किंवा देठावर दोन चकत्या दिसल्या आणि वरचा भाग सुकला असेल तर चक्रीभुंगा. खोड उभं चिरल्यावर लालसर नागमोडी भुयार दिसलं तर खोडमाशी. मग विचार: एकराला फवारणीचे किती पंप मारतोस?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक घे: एकरी ६० मिलि, पाणी २०० लिटर. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिलि, आणि एकरी तेरा-चौदा पंप. शेतकरी आठ पंपांत एकर उरकतो. एकरावर गेलं ३६ मिलि. अळी मरत नाही, तो म्हणतो औषध नकली, आणि दुकानदार त्याला तीन औषधांचं कॉकटेल बांधून देतो, वर टॉनिक. विक्री तिप्पट. आठच पंप मारायचे असतील तर पंपाला साडेसात मिलि घे, म्हणजे एकराचं माप पुरं होतं. पण पाणी कमी पडलं की खालची पानं कोरडी राहतात, म्हणून तेरा पंपच मारायला लाव. एकर बघ, पंप बघू नकोस. मिसळलेल्या औषधांचं काय होतं ते २०१७ साली यवतमाळने पाहिलंय. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. फवारणारा बहुतेक वेळा मजूर असतो, बिल मालकाच्या नावाचं असतं. मास्क आणि हातमोजे मजुराच्या हातात दे, खरेदीच्या भावात दे.

शेवटचं, वसुलीचं. दसऱ्यापासून तगादा लावशील तर शेतकरी ओलं सोयाबीन पडत्या भावात घालेल, तुझे देईल आणि पुढच्या जूनला रिकाम्या हाताने पुन्हा उधारीवर येईल. अशी वसुली करणाऱ्यांना मी हुशार समजत नाही. एक ओलावा मापक दुकानात ठेव, मूठभर दाणे आणले की फुकट मोजून दे. हमीभावाच्या केंद्रावर साधारणपणे १२ टक्क्यांची अट असते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. नोंदणीला सातबाऱ्यावर पीकपेरा, म्हणजे काय पेरलं त्याची नोंद लागते, म्हणून ई-पीक पाहणीची, म्हणजे ती नोंद मोबाइलवरून करण्याची आठवण ऑगस्टमध्येच करून दे, फोनवर नोंद करून दे.

आणि बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज, म्हणजे माल गोदामात ठेवून त्यावर उचल, मिळतं का ते आजच विचारून ये. सगळ्या समित्या देत नाहीत. जिथे मिळतं तिथे मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. २० क्विंटल सोयाबीन, भाव ४ हजार धरला तर ८० हजारांचा माल, ६० हजार हातात, आणि सहा महिन्यांचं व्याज १,८०० च्या आत. त्यातून तुझे २० हजार दिवाळीत मिळतात आणि त्याचा माल गोदामात शाबूत राहतो. भाव वाढेलच असं त्याला सांगू नकोस, कधी वाढत नाही. फक्त विकायची घाई त्याच्या मानेवरून उतरते. तुझे पैसे वेळेत आले आणि तो पुढच्या वर्षी रोखीने आला, तर टार्गेट आणि टूरचं कोणाला पडलंय?

वही बदल. आत्ता तुझ्या वहीत नाव आणि रक्कम आहे. त्यात एकर, वाण, उगवण टक्के, पेरणीची तारीख, किती पंप मारले आणि किती क्विंटल निघालं, हे रकाने पाड. ज्याचा उतारा सलग दोन वर्षं घसरला, त्याच्या शेतावर स्वतः जा, उधारी मागायला नाही, माती तपासायला.

मेच्या पहिल्या आठवड्यात गोणपाट भिजव. निदान दहा घरांचे नमुने घे आणि आकडे मला पाठव. ६० च्या खाली आलेले किती, ते आधी कळव, म्हणजे बियाणं किती मागवायचं ते ठरवता येईल.

तुझा,
काका