हात कसेही फिरतात, मग पळूच नको का?

प्रश्न : ताई, मी रोज सकाळी पळते पण मला रेस वगैरे अजिबात करायची नाहीये. कोणाला सांगितलं की लगेच, पेस किती (म्हणजे एक किलोमीटर किती मिनिटांत), किलोमीटर किती. मला तर पळताना नाचल्यासारखं वाटतं, डोक्यात साठलेलं सगळं पायातून निघून जातं. ग्रुपमधले एक काका म्हणतात तुझे हात कसेही फिरतात, आधी स्टाईल सुधार. पळणं ही कला असू शकते का, की मी स्लो आहे म्हणून उगाच त्याला छान नाव देतेय?

उत्तर : अगं, आधी काकांचं बघू. एमिल झाटोपेक या चेक धावपटूचे जुने व्हिडिओ बघ, मान कलंडलेली, तोंड वेडंवाकडं, बघणाऱ्याला वाटावं हा आता कोसळतोय, आणि याच माणसाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही गोल्ड नेली, त्यात मॅरेथॉन तर तो पहिल्यांदाच पळत होता! अमेरिकन धावपटू मायकल जॉन्सन याच्या अगदी उलटा, पाठ ताठ, पावलं छोटी छोटी, आणि १९९६ ला अटलांटात २०० मीटर १९.३२ सेकंदात. दोघांना नुसत्या सावलीवरून ओळखता येईल. म्हणजे पळण्याला हस्ताक्षर असतंच, ते मुद्दाम काढायला गेलीस की नाटकी दिसतं. काकांचं एवढंच ऐक की हात छातीच्या मधोमध ओलांडून फार पलीकडे जात असतील तर धड उगाच वळत राहतं आणि दमायला होतं. खांदे दुखत नसतील तर सोडून दे.

आता कलेचं. मला विचारशील तर मन मोकळं होणं आणि कला यात फरक आहे. मन मोकळं रडूनही होतं. कला म्हटलं की कुठेतरी निवड आली, एखादा नियम आला. मार्टिन क्रीड नावाच्या ब्रिटिश कलाकाराने २००८ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन म्युझियममध्ये काय केलं माहितीये, शिल्पं वगैरे काही नाही, दर ३० सेकंदांनी एक माणूस त्या लांबलचक हॉलमधून जीव खाऊन पळत जाणार, मग तेवढाच पॉज, मग पुढचा. बस. लोक चित्रं बघायला आलेले आणि बाजूने धाडधाड कोणीतरी गेलं! पळणारे नेहमीसारखेच पळत होते, पण तो पॉज आणि ती जागा कोणीतरी ठरवली होती, गाण्यात सम ठरलेली असते तशी, म्हणून ती कलाकृती झाली. (कित्येकांना हा फाजीलपणा वाटला असणार, मला आवडतं.)

हल्ली पळालेल्या रस्त्याची रेघ जीपीएसने नकाशावर उमटवून हत्ती, कुत्रे काढतात तेही बघितलं असशील. छान मेहनत असते, रूट आधी आखावा लागतो, उंच बिल्डिंगांच्या मध्ये सिग्नल भरकटला की हत्तीची सोंड वाकडी. पण खरं सांगू, मला त्यात पळण्यापेक्षा नकाशाच जास्त दिसतो.

तू एक करून बघ. एकच छोटा रस्ता घे आणि एकच नियम, म्हणजे चार पावलं श्वास आत, चार बाहेर, किंवा प्रत्येक वळणाला पूर्ण थांबायचं, किंवा पावलांचा आवाज कमीत कमी येऊ द्यायचा. हा शेवटचा फार भारी आहे, आवाज कमी करायला गेलीस की पावलं आपोआप छोटी होतात आणि तुलाच कळतं कुठला पाय जास्त आपटतोय. काही दिवस तेच ठेव, मग नियम बदल आणि बघ पळण्याचा मूड बदलतो का. घड्याळ काढून ठेव, म्हणजे पेस विचारला तर खरंच सांगता येणार नाही. स्लो आहेस की नाही हे मला माहीत नाही आणि या प्रश्नाशी त्याचा संबंधही नाही. फक्त रस्त्यावर करणार असलीस तर इयरफोन नको, मागची गाडी ऐकू यायला हवी.