मेंढीच्या मापावर पोट भरेल का?

नमस्कार ताई,

अलिबागजवळून लिहिलेलं तुमचं पत्र वाचलं. दिवाळीनंतर घाट उतरून आलेल्या धनगरांनी तुमच्या शेतात मेंढरं बसवली, अकरावीतल्या लेकीने शिंप्याची टेप घेऊन त्यांची मापं वहीत उतरवली. आता ती म्हणते, मापावरून मटणाचा उतारा, म्हणजे कापल्यावर किती मटण पडेल ते, सांगण्याचंच शिक्षण घ्यायचं. यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

भरेल. पोरीने खरं शास्त्र हातात घेतलंय.

पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, की जिवंत वजन किलोत येतं. घेर 28, लांबी 25, तर साधारण 30 किलो. दाट लोकरीवर सैल टेप लावली की घेर फुगतो, हे तिला सांगा.

खरी अडचण याच्या पुढे आहे. 30 किलोच्या जनावराचं मटण 45 ते 50 टक्के पडलं, तर साडेतेरा किलो की पंधरा? हा दीड किलो टेपला दिसत नाही. तो पोटातल्या चाऱ्यात, चरबीत, वयात आणि जातीत असतो. आपली माडग्याळ उंच, लांब पायांची. दख्खनी आटोपशीर अंगाची, काटक. एकीवर बसवलेलं सूत्र दुसरीला डोळे झाकून लावता येत नाही. परदेशातल्या टेक्सेल जातीत तर एका जनुकातल्या बदलामुळे मांड्याच जास्त भरतात. म्हणून वहीत जात, दातांवरून काढलेलं वय आणि नर-मादी असे रकाने हवेत. सगळ्यांत मोलाचा रकाना कापल्यानंतरच्या वजनाचा. त्यासाठी ओळखीच्या खाटकाकडे तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. तिथे तिचं मन कचरतं का, हेही आत्ताच कळलेलं बरं.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, इंटर्नशिप धरून, प्रवेश ‘नीट’ या परीक्षेतून. तुम्हाला परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ. पुढे पशुप्रजनन किंवा मांसतंत्रज्ञानात एम.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदव्युत्तर पदवी करता येते. हैदराबादला राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आहे, राजस्थानात अविकानगरला मेंढी-लोकर संशोधन संस्था. उपचारांपेक्षा आकडेच आवडत असतील तर सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. करून पशुसंवर्धनात एम.एस्सी. करावी. माझं मत पहिल्या वाटेकडे झुकतं: पशुवैद्यकाला सरकारी नोकरी आणि स्वतःचा दवाखाना, दोन्ही खुले राहतात.

मात्र कोकणात राहून मेंढीचाच हट्ट नको. आपल्या पावसात खुरं कुजतात, जंत होतात. मेंढरं घाटावर परतली की तीच टेप शेळ्यांना लावू दे. सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ तर आपल्या हवेतलीच जात.

एक गोष्ट लगेच कळवा: अकरावीला तिने जीवशास्त्र घेतलंय ना? त्याशिवाय ‘नीट’ परीक्षा देता येणार नाही.